गुण आला, नायटा राहिला

नायट्याबद्दल आपल्याकडे एक मत इतके मुरलेले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतही नाही. जांघेत, कमरेला किंवा काखेत गोल लालसर चट्टा उठतो, खाज सुटते. माणूस चार दिवस अंगावर काढतो आणि मग मेडिकलमध्ये जाऊन दबक्या आवाजात ‘खाजेचं मलम’ मागतो. काउंटरवरचा मुलगा काही न विचारता एक ट्यूब पुढे करतो. रात्री लावली की सकाळी खाज निम्मी झालेली असते, तिसऱ्या दिवशी चट्ट्याची लाली उतरते आणि ‘गुण आला’ असे घरात जाहीर होते. महिन्याभराने चट्टा परत येतो, या खेपेला थोडा मोठा. पुन्हा तीच ट्यूब, पुन्हा तोच गुण. वर्ष-दोन वर्षे असे चालते, तरी ट्यूबवरचा विश्वास ढळत नाही. तिने दर वेळी गुण दिलेला असतो ना!

हे अडाण्यांचे मत म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पदवीधर माणसे हेच करतात, शेजारी एकमेकांना ट्यूबचे रिकामे खोके दाखवून हेच सांगतात आणि कित्येक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही हीच ट्यूब उतरते. शिवाय या मतामागे एक तर्क आहे. तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय त्याचे खंडन करण्यात अर्थ नाही.

पूर्वपक्ष असा. एक, अनुभवापेक्षा मोठे प्रमाण नाही. मलम लावले आणि खाज गेली, म्हणजे औषध लागू पडले. दोन, नायटा बुरशीने होतो म्हणावे तर या ट्यूबमध्ये बुरशी मारणारे औषधही असते, ते तिच्या खोक्यावरच छापलेले आहे. तेव्हा तिने बुरशी वाढते हे म्हणणे विपरीत आहे. तीन, नायटा परत येतो तो मलमाच्या दोषाने नव्हे, रक्तातल्या दोषाने. पथ्य पाळून रक्त शुद्ध केले नाही तर वरून काहीही लावा, तो उलटणारच. आणि चार, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन महिनोन् महिने गोळ्या खाल्लेल्यांचाही नायटा हल्ली जात नाही. मग स्वस्तातल्या मलमाने निदान झोप तरी लागते, त्यात वाईट काय?

पहिला मुद्दा साऱ्याचा पाया आहे, म्हणून तोच आधी घेऊ. यात प्रत्यक्ष आणि अनुमान यांची गल्लत झाली आहे. खाज थांबली हे प्रत्यक्ष. रोग गेला हे अनुमान. हे अनुमान खरे ठरायचे तर ‘जेथे खाज नाही तेथे बुरशी नाही’ ही व्याप्ती आधी सिद्ध व्हायला हवी. ती सिद्ध होत नाही, उलट तिचा व्यभिचार, म्हणजे ती मोडणारा अपवाद, दाखवणारी परीक्षा अगदी साधी आहे. चट्ट्याच्या कडेचा पापुद्रा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचे आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे तंतू उरतात. ज्यांनी महिनोन् महिने असे मलम लावले आहे त्यांच्या पापुद्र्यात हे तंतू पुष्कळदा विपुल दिसतात. वरून लाली कमी, खाज कमी, आणि खाली तंतूंची दाट जाळी. एवढे एक उदाहरण ते अनुमान मोडायला पुरेसे आहे.

असे का होते, हे कळण्यासाठी नायटा म्हणजे नेमके काय ते पाहिले पाहिजे. 1841 साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या वैद्याने डोक्याच्या एका खपल्यांच्या रोगात बुरशी दाखवून दिली. पाश्चर आणि कॉख यांनी जंतुविज्ञानाची उभारणी केली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढे त्याच पॅरिसमध्ये रेमाँ साबुरो यांनी अशा बुरशींचे वर्गीकरण केले. प्रयोगशाळेत त्या ज्या खाद्यावर वाढवतात त्याला आजही साबुरोचेच नाव आहे. या बुरशी केराटिन खातात. हे केराटिन असते केसांत, नखांत आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात. बुरशीचा मुक्काम तेवढ्याच थरात असतो. खालच्या जिवंत त्वचेत ती सहसा शिरत नाही.

मग खाज कोणाची? बुरशीचे अंश खाली झिरपतात, त्यांची वर्दी शरीराच्या प्रतिकारसंस्थेला लागते, रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात. लाली, सूज, खाज ही सगळी त्या प्रतिकाराची चिन्हे आहेत. चट्टा गोल का होतो, तेही यातूनच कळते. मधल्या भागातली बुरशी प्रतिकाराने हटते, म्हणून मधली त्वचा निवळते. उरलेली बुरशी बाहेरच्या नव्या त्वचेकडे सरकते आणि कडा लाल, उंच, खपलीची राहते. नायट्याची ती कडा म्हणजे लढाईची आघाडी आहे. त्या ट्यूबमधल्या मलमात स्टेरॉइड, म्हणजे हा प्रतिकार दाबणारे औषध, असते. त्याने बुरशीला धक्का लागत नाही. ते लढणाऱ्याला झोपवते. झोपलेल्याला खाज सुटत नाही, आणि त्यालाच आपण गुण म्हणतो.

मलम थांबवले की प्रतिकार जागा होतो आणि आता त्याच्यासमोर पूर्वीपेक्षा जास्त बुरशी असते. त्यामुळे खाजही पूर्वीपेक्षा जास्त सुटते. रोगी म्हणतो, ‘बघा, मलम सोडलं की त्रास होतो, म्हणजे मलमच खरं औषध.’ मलमाने वाढवलेला रोग मलमाच्याच बाजूने साक्ष द्यायला उभा राहतो. असे दोन-चार फेरे झाले की चट्ट्याचे रूपही बदलते. लावण्या-सोडण्याच्या प्रत्येक फेऱ्यात कडेची एक नवी रेघ उठते आणि कड्यात कडे, त्यात आणखी कडे असे विचित्र चित्र तयार होते. कधी कडा साफ पुसली जाते आणि नायटा इसबासारखा, मुरुमांसारखा किंवा नुसत्या तांबूस डागासारखा दिसू लागतो. 1968 मध्ये आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी वेषांतर केलेल्या या नायट्याला वैद्यकीय साहित्यात स्वतंत्र नावही दिले. म्हणजे पाऊणशे नव्हे तरी अर्ध्या शतकाहून अधिक काळ ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक आहे.

आता दुसरा मुद्दा, मलमात बुरशीनाशक असल्याचा. खोक्यावरचा मजकूर खरा आहे. या ट्यूबमध्ये बहुधा तीन किंवा चार औषधे असतात: एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक, एक जिवाणूनाशक आणि कधी आणखी एखादे. यातल्या जिवाणूनाशकाचा नायट्याशी काडीचा संबंध नाही, कारण बुरशी म्हणजे जिवाणू नव्हे. उलट निओमायसिनसारख्या औषधाने कित्येकांच्या त्वचेला ॲलर्जी होते आणि नायट्यावर नवीनच पुरळ उठते. राहिले बुरशीनाशक. त्याला काम करायला आठवडे लागतात. त्वचेचा वरचा थर खालून नव्या पेशी येऊन झडून जायला साधारण चार आठवडे घेतो आणि बुरशी बसलेला थर झडेपर्यंत औषध टिकून राहावे लागते. इकडे स्टेरॉइड तीन दिवसांत खाज थांबवते, आणि खाज थांबली की माणूस ट्यूब बाजूला ठेवतो. एकाच ट्यूबमधली ही दोन औषधे परस्परांच्या पायात पाय घालतात. पहिले आराम देते, म्हणून दुसऱ्याला पुरेसे दिवस मिळतच नाहीत.

‘अमेरिकेतही असे मिश्र मलम मान्य आहे,’ हा यावरचा आक्षेप वजनदार आहे. क्लोट्रिमेझोल आणि बीटामेथासोन यांचे मिश्रण तेथे 1980च्या दशकापासून आहे, हे खरेच. पण ते चिठ्ठीवर मिळते, जांघेच्या आणि अंगावरच्या नायट्याला दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये अशी ताकीद त्यावर आहे आणि सतरा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असे तेथे सांगितलेले आहे. आपल्या दुकानांतल्या मिश्रणांत अनेकदा क्लोबेटासोल असते. रक्तवाहिन्या आकुंचित करण्याची क्षमता ही त्वचेवरच्या स्टेरॉइडची ताकद मोजायची रूढ कसोटी आहे. त्या कसोटीवर क्लोबेटासोल हे साध्या हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे 600 पट तीव्र मानले जाते. ते सोरायसिसच्या जाड चट्ट्यासाठी बनलेले औषध आहे, आणि आपण ते लावतो जांघेत.

जांघेत लावण्याला वेगळा अर्थ आहे. 1967 मध्ये फेल्डमन आणि मेबॅक या संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावून ते आत किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागावरचे शोषण एक धरले तर कपाळावर ते सहापट, जबड्याच्या कडेला तेरापट आणि वृषणाच्या त्वचेवर 42 पट निघाले. घडीतली दमट, एकमेकांना चिकटलेली त्वचा औषध आत ओढून घेते. त्यामुळे जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत त्वचा पातळ होऊन तिच्यावर तांबडे-जांभळे पट्टे पडतात. गरोदरपणात पोटावर पडतात तसे हे पट्टे विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर दिसतात, काळाने ते फिके होतात, पण पूर्णपणे जात नाहीत. लहान मुलांच्या अंगावर मोठ्या भागात असे मलम दीर्घकाळ लावले तर ते रक्तात उतरून मुलाची वाढ खुंटू शकते.

चेहऱ्याची कहाणी निराळी आहे, तरी याच कुळातली. वांग, मुरुमाचे डाग, सावळेपणा यांवर हीच मलमे ‘क्रीम’ म्हणून लावली जातात. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी भारतातल्या अनेक केंद्रांत मिळून झाली आणि 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातले 433 जण, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग तो उन्हात भाजल्यासारखा लाल होतो, मुरुम फुटतात, लव वाढते आणि क्रीम सोडले की आग होते. येथेही सोडण्याचा त्रास हाच क्रीमच्या गुणाचा पुरावा मानला जातो.

तिसरा मुद्दा रक्तदोषाचा. परंपरेचा हवाला येथेच दिला जातो, म्हणून थोडे थांबायला हवे. शरीररचनेच्या बाजूने उत्तर एका वाक्यात देता येते: बुरशी ज्या थरात राहते तेथे रक्त पोचतच नाही. त्वचेच्या वरच्या आवरणात एकही रक्तवाहिनी नसते. वांगी, आंबट, मासे, डाळ सोडल्याने त्या मृत थरातले केराटिन बुरशीला बेचव होत नाही. रक्ताशी एकच खरा संबंध आहे, तो साखरेचा. मधुमेह हाताबाहेर असलेल्या माणसाचा प्रतिकार उणा पडतो आणि नायटा लवकर हटत नाही. तेव्हा वारंवार उलटणाऱ्याने रक्त शुद्ध करण्याचे काढे घेण्याऐवजी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

पण ‘आपल्या शास्त्रात तसे सांगितले आहे’ असे म्हणणाऱ्याला शरीररचनेचे उत्तर पुरत नाही, म्हणून शास्त्राकडेच वळू. दद्रु, म्हणजे आपला नायटा, चरकाने क्षुद्रकुष्ठांत, म्हणजे हलक्या त्वचारोगांत, घातला आणि सुश्रुताने महाकुष्ठांत, म्हणजे मोठ्या त्वचारोगांत. म्हणजे त्याच्या वजनाविषयी आचार्यांतच एकमत नव्हते. दोषांची उपपत्ती दोघेही देतात, हे मान्य. पण सुश्रुत तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या संहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या प्रकरणाच्या शेवटी तो स्पष्ट म्हणतो की हे रोग माणसाकडून माणसाकडे जातात, आणि ते कशाने जातात याची यादीही देतो: निकट सहवास, अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र जेवण, एका अंथरुणावर झोपणे, एका आसनावर बसणे, आणि एकमेकांची वस्त्रे, माळा व लेप वापरणे. या यादीतली वस्त्रे, अंथरूण आणि लेप आजच्या घरात शोधायला कष्ट पडत नाहीत. खुंटीवरचा एकच टॉवेल, भावाभावांनी घातलेली एकच जीन्स, आणि घरातल्या सगळ्यांची बोटे ज्यात जातात ती मलमाची एकच ट्यूब. परंपरेचे नाव घेऊन पथ्य सांगणारा हा श्लोक सोडून देतो, आणि नेमका तोच आज कामाचा आहे.

दुसरे असे की परंपरेने नायट्यावर बाहेरूनही उपाय केले. पावसाळ्यात ज्याची भाजी आपण खातो त्या टाकळ्याचे बी वाटून नायट्यावर लावण्याचा प्रघात जुना आहे. गोव्याचे तर नावच या रोगाच्या औषधाला चिकटलेले आहे. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या अरारोबा वृक्षाच्या खोडात साठणारी पिवळी भुकटी पोर्तुगीजांच्या हातून गोव्यात आली आणि नायट्यावरचा रामबाण म्हणून ‘गोवा पावडर’ या नावाने इकडच्या बाजारात खपू लागली. ती मूळची ब्राझीलची आहे हे युरोपला 1870च्या दशकात कळले. त्याच सुमारास लंडनच्या बालमॅनो स्क्वायर यांना तिचा सोरायसिसवरचा गुण दिसला, आणि पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला तेव्हा जर्मनीत 1916 मध्ये डिथ्रॅनॉल हे तिचे कृत्रिम भावंड तयार झाले. सोरायसिसवर ते कित्येक दशके वापरले गेले. गोवा पावडर वापरणे सुखाचे नव्हते. त्वचा भाजायची, कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे, डोळ्यात गेली तर डोळे सुजायचे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले व्हिटफील्डचे मलम, म्हणजे बेन्झोइक आणि सॅलिसिलिक आम्ल, हेही चुरचुरणारेच. ते वरचा थर सोलून काढते आणि त्याबरोबर बुरशीचे घरही जाते. या जुन्या औषधांनी रोग्याला छळले, पण त्यांचा रोख बुरशीवर होता. नव्या मलमाने रोग्याला सुखावले आणि रोख उलटा फिरवला.

चौथा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. तज्ज्ञांची औषधेही पूर्वीसारखी लागू पडत नाहीत. वीस वर्षांपूर्वी टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची गोळी दोन आठवडे घेतली की अंगावरचा नायटा बहुधा जात असे. गेल्या दशकभरात ते दिवस सरले. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार करण्याच्या साखळीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. टर्बिनाफिन त्याला अडवते. भारतात पसरलेल्या बुरशीत त्या विकराच्या जनुकात असे बदल झाले आहेत की औषध त्याला पकडूच शकत नाही. पूर्वी भारतात मुख्यतः ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी सापडत असे. तिची जागा एका वेगळ्या जातीने घेतली. जपानमध्ये एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून ती वेगळी काढली गेली आणि 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. 2023 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांना ती झाल्याचे कळवले. त्यातली एक बांगलादेशातून परतली होती, दुसरीने परदेशप्रवास केलेलाच नव्हता. टर्बिनाफिन दोघींनाही लागू पडले नव्हते. ज्या रोगाला आपण किरकोळ म्हणून मेडिकलच्या काउंटरवर निकालात काढत होतो, त्याच्या नव्या जातीवर आता देशाचा शिक्का बसला आहे.

पण यातून पूर्वपक्षाने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. औषध दुबळे झाले असेल तर शरीराचा प्रतिकार अधिक मोलाचा ठरतो, आणि स्टेरॉइड मारते ते त्यालाच. शिवाय हट्टी नायट्यावर इलाज उरलेला नाही असेही नाही. इट्राकोनेझोल हे औषध त्याच साखळीतली दुसरी कडी तोडते आणि टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या बुरशीवर ते बहुधा चालते. मात्र ते कित्येक आठवडे घ्यावे लागते. त्याच्या कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, कारण त्या विरघळायला पोटातले आम्ल लागते. ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतल्या तर फुकट जातात. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला ते चालत नाही आणि इतर अनेक औषधांशी त्याचे वैर आहे. म्हणूनच ते स्वतःच्या मनाने आणून खाण्याचे औषध नव्हे.

येथवर वाचून ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असे कोणी मनाशी ठरवले असेल तर तोही एक गैरसमजच, आणि त्याचेही खंडन आवश्यक आहे. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोन लावून दाखवले आणि त्वचारोगांच्या उपचाराचे रूप पालटले. इसबात शत्रू नसतो. तेथे शरीर विनाकारण लढत असते, म्हणून लढाई शांत करणे हाच तेथला योग्य इलाज. इसब झालेल्या तान्ह्या मुलाला स्टेरॉइडच्या भीतीने मलम न लावणारे आईबाप त्याला रात्र रात्र खाजवत ठेवतात, ते खाजवून जखमा करते, त्यात जंतू शिरतात. योग्य ताकदीचे मलम, योग्य जागी, डॉक्टरने सांगितले तितके दिवस लावले तर ते सुरक्षित असते. तेव्हा वाद औषधाशी नाही. तेच औषध इसबात तारते आणि नायट्यात बुडवते, आणि दोन्ही रोग बघणाऱ्याला सारखे दिसू शकतात. इसबाचेही काही चट्टे नाण्यासारखे गोल असतात. म्हणून निदानाआधी मलम हा क्रमच चुकीचा आहे, मग ते मलम कोणतेही असो.

कायद्याला हे फार उशिरा उमगले. 1945च्या औषध नियमांतल्या अनुसूची ‘एच’मधली औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; पण त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांना तीतून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइडांच्या मलमांची ती सूट काढून घेतली. त्याच वर्षी अविवेकी मिश्रणांवरही बंदीचा बडगा फिरला. कागदावर प्रश्न सुटला. काउंटरवर तो तसाच आहे, कारण गिऱ्हाईक चिठ्ठी न आणता ट्यूबचे नाव सांगते आणि दुकानदाराला गिऱ्हाईक सोडायचे नसते.

खंडन झाले. आता मंडन, म्हणजे करायचे काय. चट्टा उठला की काहीही लावण्याआधी तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. शंका असेल तर पापुद्र्याची तपासणी करा असे स्वतःहून म्हणावे. ती स्वस्त आहे आणि बहुधा त्याच भेटीत निकाल देते. आधी कोणते मलम लावले होते ते लपवू नये. रिकामी ट्यूब खिशात घालून न्यावी. औषध लावायचे ते दिसणाऱ्या कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. प्रमाणाचा हिशेब असा: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारणपणे आणखी दोन आठवडे, औषध चालू ठेवावे. स्टेरॉइडची सवय असलेल्याने ते सोडल्यावर सुरुवातीला खाज वाढणार, हे आधीच समजून घ्यावे. तो औषधाचा पराभव नसतो. झोपवलेला प्रतिकार जागा झाल्याची ती खूण असते. त्या खाजेपुरत्या गोळ्या डॉक्टर देतात.

उरलेली अर्धी लढाई कपड्यांची आहे. झडलेल्या पापुद्र्यांत बुरशीचे बीजाणू दीर्घकाळ जिवंत राहतात. रोग्याचा टॉवेल, अंतर्वस्त्रे, चादर वेगळी ठेवावी, ती 60 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवावी, उलटी करून कडक उन्हात वाळवावी आणि शिवणींवरून इस्त्री फिरवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपडे दमटच अंगावर चढतात आणि याच दिवसांत नायटा फोफावतो. घट्ट जीन्स आणि लेगिंग्जऐवजी तेवढे दिवस सैल सुती कपडे घालावेत. अंगावरून कधीही न निघणारा करदोडा हाही बुरशीचा आश्रय आहे: घामाने ओला, कधी न सुकणारा, कमरेला घासणारा. उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवावा किंवा निदान बदलावा. श्रद्धा त्याने कमी होत नाही. आणि घरात ज्याला ज्याला चट्टा असेल त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा. एकाला बरे करून दुसऱ्याला तसेच ठेवले तर नायटा घरातल्या घरात फिरत राहतो, आणि मग आपण पुन्हा रक्ताला दोष देतो.

नायटा बरा झाला की नाही हे खाजेने ठरत नाही. कडा सपाट झाली, खपली गेली, औषध थांबवून काही आठवडे उलटले आणि तरी नवा चट्टा उठला नाही, तर तो बरा झाला. तीन दिवसांत आलेल्या गुणाला हे प्रमाणपत्र देऊ नका. आणि घरातली ती अर्धी उरलेली ट्यूब शेजाऱ्याला देऊ नका, कचऱ्यात टाका.